टिटवीच्या धाकट्या बहिणीची राखण

तेहतीस वर्षं मी ऑस्ट्रेलिया शिकवला. जामखेड तालुक्यातल्या एका हायस्कुलात, आठवीच्या वर्गाला, टास्मानियाच्या जागी उंदरानं भोक पाडलेल्या नकाशावरून. लोकर, गहू, कांगारू, मधलं वाळवंट, भौगोलिक कारणे लिहा, थोडक्यात टिपा द्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडे तीन महिने प्रत्यक्ष राहून आलो. तीन महिन्यांत एकही मेंढी दिसली नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांची या निमित्तानं माफी मागतो.

आम्ही राहिलो ते समुद्रकाठचं एक लहान गाव, सिडनीपासून दक्षिणेला मोटारीनं पाच-सहा तासांवर. गावाचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की माणसं येतात, माणसांबरोबर कुत्री येतात, आणि कुत्री आल्यावर काय होतं ते पुढं येणारच आहे. नाव न सांगण्याचा शब्द मी डोरीन नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दिला आहे. तिला मराठी वाचता येत नाही, पण शब्द तो शब्द.

हाताला काम

आमचा विकास तिथल्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. सूनबाई पल्लवी शाळेत शिकवतात. आम्ही येणार म्हणून त्यानं आधीचं घर सोडून एका खोलीनं मोठं घर घेतलं होतं, आणि त्या खोलीच्या खिडकीशी दोन खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडल्या होत्या. सप्टेंबरच्या मध्याला आम्ही पोहोचलो. विमानतळावर कुसुमच्या पिशवीतलं हरभऱ्याचं आणि मेथीचं बी एका तरुण अधिकाऱ्यानं फार अदबीनं काढून घेतलं. परदेशी बियाण्यानं तिथल्या शेतीवर रोग येईल अशी त्यांना भीती असते. कुसुम, म्हणजे माझी बायको, त्याला मराठीत म्हणाली, "आरं, घरचं बी हाय, औषध लावल्यालं न्हाई." तो हसला आणि बी डब्यात टाकलं.

गाव म्हणजे एक रस्ता, एक पावाचं दुकान, मासे तळून देणारं एक दुकान आणि बाकी सगळा समुद्र. सकाळी सहाला लोक पाण्यात जातात, बाहेर येतात, कॉफी पितात. संध्याकाळी पाचला गाव बंद होतं. आमच्याकडे पाचला गाव पारावर नुकतं जमायला लागलेलं असतं.

पहिल्या रविवारी विकासनं आम्हाला गोल्फच्या मैदानावर नेलं. तिथे तीसेक कांगारू चरत होते. मी नकाशापुढं उभं राहून हजार वेळा उच्चारलेला प्राणी समोर होता आणि मला खरंच भरून आलं. कुसुमनं पदर खोचला.

"अवो, हाकला की! कुनाचं तरी रान खाऊन ऱ्हायलेत."

"रान नाही ते. खेळायची जागा आहे."

"मंग एवढं गवत कशाला लावलंय?"

कांगारू उभा राहिला की सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखा दिसतो. हात छातीशी धरून, काही न बोलता, आपल्याकडे बघत राहतो. एका मादीच्या पोटपिशवीतून पिल्लाचे दोन लांब पाय बाहेर लोंबत होते. डोकं आत, पाय बाहेर. कुसुमनं तिला बराच वेळ सुनावलं.

पुढच्या दिवसांत बरंच काही पाहिलं. वाचकांसाठी सांगून टाकतो. अंगणात लाल-हिरवे राघू येतात, पेरूच्या बागेत येतात तसेच, फक्त तिथे त्यांना कोणी शिव्या देत नाही. मासे साफ करायच्या दगडी ओट्याजवळ पेलिकन रांगेत उभे असतात आणि पाण्यात टेबलाएवढे सपाट मासे घिरट्या घालतात. पावाच्या दुकानामागं पुरुषभर लांबीची घोरपड राहते. लोक तिला ओलांडून पाव घ्यायला जातात. ओहोटीनंतर वाळूवर निळे फुगे पडलेले असतात. ते फुगे नसतात, डंख करणारे समुद्रजीव असतात. हे मला बोट लावल्यावर कळलं. त्यानंतर अर्धा तास मी भूगोलाचा शिक्षक राहिलो नाही, नुसता ओरडणारा माणूस होतो.

आणि मॅगपाय. काळा-पांढरा, कावळ्याएवढा पक्षी. गातो फार गोड. सप्टेंबर म्हणजे तिकडचा वसंत. त्या दिवसांत तो अंड्यांच्या काळजीनं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर मागून झडप घालतो. नगरपालिकेनं तशी पाटी लावलेली आहे. मी पाटी वाचली, मान डोलावली आणि पुढं गेलो. माझ्या डोक्यावर पांढरी टोपी होती. त्यानं ती तीनदा खाली पाडली. चौथ्यांदा मी ती खिशात घातली, तेव्हा मला सोडून दिलं. आमच्याकडे उसात बिबट्या राहतो, बांधावर बसून आपल्याकडे बघतो, आणि आजवर तिथं एकही पाटी लागलेली नाही. तरी टोपी काढायची वेळ माझ्यावर बिबट्यानं कधी आणली नव्हती.

बाराव्या दिवशी सकाळी कुसुम खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "मला घरी न्या."

विकास बूट घालत होता. तो थांबला.

"काय झालं, आई?"

"कायबी न्हाई झालं. लई चांगलं हाय समदं. पर हाताला काम न्हाई. निस्ता समुद्र बगायचा. त्यो काय पळून चाललाय का?"

विकास दुसरा बूट घालून कामाला गेला. त्या मोठ्या घराचा, त्या खोलीचा आणि दोन खुर्च्यांचा विचार माझ्या मनात आला. मला पोराचं वाईट वाटलं आणि बायकोचंही खोटं वाटेना. कुसुमनं आयुष्यात रिकामं बसणं फक्त बाळंतपणात केलं आहे, आणि तेही दोनदा नऊ-नऊ दिवस. लहानपणापासून तिची ओळख एकच: ज्वारी कणसाला आली की शेतातल्या उंच माळ्यावर चढून पाखरं राखणारी पोर. तिच्या गोफणीतला दगड जिथं सांगेल तिथं पडतो. आमच्या लग्नाआधी माझ्या वडिलांनी चौकशी केली तेव्हा गावानं तिची हीच एक गोष्ट सांगितली होती.

तिकीट अलीकडचं करून मिळतं का याची चौकशी विकासनं सुरू केली.

दोरीच्या अलीकडे

ऑक्टोबर लागला होता. आम्ही दोघं किनाऱ्याच्या टोकाला, जिथं कोणी फिरकत नाही अशा बाजूला, कोरड्या वाळूतून चाललो होतो. समोर मुठीएवढं एक पाखरू तुरुतुरु पळालं, थांबलं, पळालं. पाठ वाळूच्या रंगाची, डोकं काळं, चोच लालसर, डोळ्याभोवती लाल कडं. मग ते एका बाजूला कलंडलं आणि मोडल्यासारखा पंख ओढत लंगडायला लागलं.

"अरेरे," मी म्हणालो.

कुसुमनं माझा हात धरला. "हलू नका. नाटक करतंय त्ये. टिटवी न्हाई का करत आपल्याकडं? अंडी हितंच कुठंतरी हायेत. आल्या पावलावर पाय ठिवून माघारी फिरा."

टिटवीशी कुसुमचं नातं सांगायला हवं. घरावरून टिटवी ओरडत गेली की घरात काहीतरी वाईट होणार, असं आमच्याकडे मानतात. म्हणून कुसुम टिटवी ओरडली की दगड मारायची. तेवढाच त्यांचा परिचय. पण शत्रूच्या सवयी माणसाला मित्रापेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

माझ्या टाचेपासून वीतभर अंतरावर वाळूत एक उथळ खळगा होता आणि त्यात ठिपक्या-ठिपक्यांची तीन अंडी. वाळूवर वाळूच ठेवावी तशी. तेवढ्यात टेकाडावरून एक म्हातारी बाई काठी उंचावून ओरडत येताना दिसली. गुडघे दुखत असूनही जितकं धावता येईल तितकं ती धावत होती. ती डोरीन.

आम्ही पाय हलवत नाही हे बघून ती ओरडायची थांबली. कुसुमनं बोटानं खळगा दाखवला. डोरीन खाली बघत राहिली. मग तिनं कुसुमच्या खांद्यावर हात ठेवला. दोघींची एकमेकींशी पहिली भेट ती तेवढीच. पुढचं सगळं माझ्यामार्फत झालं.

टिटवीच्याच कुळातला, तिच्याहून लहान असा हा पक्षी तिथे फार थोडा उरला आहे. अंडी उघड्या वाळूवर घालतो. पिल्लं अंड्यातून निघतात ती चालायलाच लागतात, आपलं आपण खातात, पण पाच आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या पाच आठवड्यांत माणसाचा पाय, मोकळं कुत्रं, कोल्हा, समुद्रपक्षी आणि कावळा, या सगळ्यांतून त्यांनी वाचायचं असतं. डोरीन आणि गावातली आणखी चार म्हातारी माणसं त्यांची राखण करतात. सहा वर्षं त्या किनाऱ्यावरून एकही पिल्लू उडालं नव्हतं.

"हे माझं शेवटचं वर्ष," डोरीन म्हणाली. "उन्हाळ्यानंतर मुलीकडे शहरात राहायला जाणार. गुडघ्यांमुळे. जायच्या आधी एक उडालेलं बघायचं होतं."

मी हे कुसुमला सांगितलं.

"किती दिस लागत्यात अंडी फुटायला?"

"अठ्ठावीस."

"मंग अंडी फुटूस्तवर ऱ्हाते," कुसुम म्हणाली.

संध्याकाळी विकासनं फ्रिजवरच्या कॅलेंडरवर अठ्ठावीसाव्या दिवसाभोवती गोल केला. तिकिटाचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

डोरीननं खळग्याभोवती लांबवर खुंट्या रोवल्या, दोरी बांधली, पाटी लावली. पाटीवर लिहिलं होतं की इथे अंडी आहेत, कुत्रं बांधून ठेवा. दोरीच्या अलीकडे आमच्या खुर्च्या. डोरीनची माणसं दीड-दोन तास बसायची आणि कंटाळून कॉफीला जायची. कुसुम सकाळी भाकरी बांधून घेऊन जायची ती दुपारी उन्हं कलल्यावरच उठायची. चौथ्या दिवशी डोरीननं तिला स्वतःची रुंद काठाची टोपी दिली. नऊवारीवर ती टोपी घालून कुसुम किनाऱ्यावर बसलेली असायची आणि कुत्रेवाले लोक तिला बघूनच लांबून वळायचे. पाटीचं काम कमी झालं.

धुण्याची दोरी

तिकडचा कावळा म्हणजे आपला डोमकावळा, डोळे मात्र पांढरे, आणि ओरडतो ते तान्हं मूल रडावं तसं. टेकाडावरच्या एका वाकड्या झाडावर तो रोज येऊन बसायचा. कुसुमनं त्याला पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

त्याच सुमारास घरातली धुण्याची दोरी दिसेनाशी झाली. पल्लवीनं विचारलं, मी 'बघतो' म्हणालो. दोन दिवसांनी कळलं. कुसुमनं ती तिहेरी दुमडून, वेणीसारखी तीनपेडी विणून, मधे खोलगट पाळणा घालून उत्तम गोफण केली होती. मी बघितलं आणि गप्प राहिलो. ही चूक जितकी तिची तितकीच माझी.

त्या दिवशी दुपारी ऊन कडक होतं. डोरीन घरी गेली होती. कावळा झाडावरून उतरला आणि दोरीच्या खुंटीवर येऊन बसला. कुसुम उभी राहिली, डोक्याभोवती गोफण दोनदा फिरली आणि फटकन आवाज झाला. दगड कावळ्याच्या पायाखालच्या खुंटीला लागला. कावळ्याला खरचटलंसुद्धा नाही. तो उडून झाडावर गेला. पण अंड्यांवर बसलेली मादीही उडाली, नर उडाला, आणि दोघं पाण्यावरून लांब निघून गेली. ती तासाभरात परत आली नाहीत. अंडी उन्हात उघडी पडली होती. जवळ जाऊन सावली करावी तर आमच्यामुळं ती आणखी लांब जाणार. आम्ही दोघं खुर्च्यांमागं उभे राहून त्या खळग्याकडे नुसते बघत होतो.

डोरीन आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं वय राहिलेलं नाही. ती रागावून बोलली नाही. तिकडे कावळ्यालाही दगड मारता येत नाही, तोही कायद्यानं राखलेला आहे, एवढं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "तिला सांगा, आपण पाखरू घाबरवलं की अंडं कावळ्याच्या मदतीशिवायच मरतं."

मी तसंच भाषांतर केलं. मऊ करून सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सूर्य कलल्यावर मादी परत येऊन बसली. घरी आल्यावर कुसुमनं गोफणीच्या गाठी एकेक करून सोडल्या, दोरी सरळ केली आणि परसात जिथली तिथं बांधली. दुसऱ्या दिवशी पल्लवीनं तिच्यावर धुणं वाळत घातलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कॅलेंडरवरच्या गोलाच्या आदल्या दिवशी, अंडी फुटली. दोन. कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी दोन पिल्लं वाळूवर पळत होती. तिसरं अंडं तसंच राहिलं. डोरीन म्हणाली, असं होतं, तीनपैकी एखादं राहतंच. मीही कुसुमला तेच सांगितलं.

"माज्या दगडानं गेलं त्ये," कुसुम म्हणाली.

"तसं नक्की सांगता येत नाही."

"तुमी शिकवू नका मला."

आणि ती रडली. सासू गेली तेव्हा रडली होती, त्यानंतर मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मला काय करावं ते सुचेना. मी चहा केला. तो तिनं घेतला नाही. थंड झाल्यावर मीच प्यालो.

अंडी फुटली होती. ठरल्याप्रमाणे आता घरी जायला ती मोकळी होती. विकासनं जेवताना अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा करून तिकिटाचा विषय काढला. कुसुम म्हणाली, "उडूस्तवर कुटं जायाचं? एक तर माज्यामुळं कमी झालं."

पाठ

पिल्लांसाठी डोरीननं वाळूत दोन फळ्यांचं छोटं छप्पर ठेवलं होतं. ऊन झालं, घार दिसली की ती त्याखाली पळत. नवव्या दिवशी सकाळी दोनातलं एकच छपराखालून बाहेर आलं. त्या वेळी डोरीनची तीन माणसं दुर्बिणी लावून बसलेली होती. कोणाला काहीच दिसलं नव्हतं. वाकड्या झाडावर कावळा चोच पुसत होता.

आता एक पिल्लू उरलं. डोरीन खुर्चीत बसून गुडघे चोळत होती. "सातवं वर्ष," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी कुसुमनं पाखराकडे बघितलंच नाही. ती माणसांकडे बघत होती, मग झाडाकडे, पुन्हा माणसांकडे. दुपारी मला म्हणाली, "त्यांना सांगा, तुमी समदे पिल्लाकडं बगताय."

"त्यासाठीच बसलेत ते."

"तीच चूक हाय. कावळा तुमच्याकडं बगतोय. तुमची नजर जिकडं, तिकडं पिल्लू हाय, हे त्याला आयतंच कळतंय. आन् त्यो कवा उठला हे मातर तुमच्यातल्या एकालाबी कळत न्हाई. माळ्यावर बसल्यावर आमी कणसाकडं बगत न्हवतो. राखणदारानं पिकाकडं बगायचं नसतं. चोराकडं बगायचं."

आणि तिनं आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली, पिल्लाकडे आणि समुद्राकडे पाठ करून झाडाकडे तोंड केलं आणि बसली.

मी डोरीनला सगळं सांगितलं. तिनं उठून स्वतःची खुर्ची फिरवली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या चौघांनीही फिरवल्या.

तर त्यानंतर तीन आठवडे आमच्या प्रवासाचा कार्यक्रम असा होता: जगातल्या सुंदर किनाऱ्यांपैकी एका किनाऱ्यावर, निळ्या पाण्याकडे पाठ करून, सात म्हातारी माणसं एका कावळ्याकडे टक लावून बसायची. कावळा जागेवरून हलला की कुसुम उभी राहायची आणि दोन्ही हातांनी पदर पसरायची. ओरडायचं नाही, काही फेकायचं नाही. नुसतं उभं राहायचं. कावळा परत बसायचा. एका प्रवासी जोडप्याला ही प्रार्थना वाटली. ते बूट काढून आमच्या मागं थोडा वेळ उभे राहिले. डोरीननं त्यांना हाकलायच्या ऐवजी दोन खुर्च्या दिल्या.

एकदा मागं आरडाओरडा झाला. टेकडीच्या टोकापासून जवळच देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू चाललं होतं. लोक धावले, मीही धावलो. उत्तरेच्या उबदार पाण्यात पिल्लं देऊन त्या दक्षिणेला परत जातात, हे मी फळ्यावर बाण काढून शिकवलेलं. तो बाण आता माझ्या डोळ्यांपुढं, एसटीच्या दीड गाड्यांएवढा, फुत्कार टाकत चालला होता. शेजारी लहानसा बाण. मी मागं वळून हाका मारल्या, "अगं, बघ तरी! आयुष्यात पुन्हा दिसायचा नाही!"

कुसुमनं मान वळवली नाही. "त्याची आई हाय त्याच्यासंगं," ती झाडाकडे बघत म्हणाली.

डिसेंबर उजाडला. पिल्लू आता ओळखू येईल एवढं झालं. पंख पसरून वाऱ्यावर उभं राहायचं, पळायचं, हातभर वर उठायचं, पुन्हा खाली. आमचं परतीचं तिकीट अकरा तारखेचं. डोरीनच्या हिशेबानं अजून तीन-चार दिवस लागणार होते. दहा तारखेला रात्रीच्या जेवणाआधी कुसुमनं विकासला विचारलं, "तिकिट म्होरं ढकलता येतं का रं?"

बाराव्या दिवशी घरी न्या म्हणणारी तीच आई. विकास हसला आणि लगेच फोन काढून बसला. तिकीट बदलता येत नव्हतं. शिवाय माझ्या धाकट्या भावाचा फोन येऊन गेला होता की ज्वारी निसवायला आली आहे आणि पाखरांना वहिनी गावात नाहीत हे समजलं आहे.

अकरा तारखेला पहाटेच किनाऱ्यावर गेलो. पिल्लू पळत होतं. उडालं नाही. कुसुमनं आपली खुर्ची झाडाकडे तोंड करून नीट लावली, तिचे पाय वाळूत दाबून बसवले, वरची वाळू पदरानं झटकली. मग डोरीनकडे गेली. दोघी एकमेकींना काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. मला बोलावलं नव्हतं.

विकासनं गाडी सुरू केली. रस्ता वळेपर्यंत डोरीन आमच्याकडे बघत नव्हती, झाडाकडे बघत होती. कुसुमला त्याचं फार समाधान वाटलेलं दिसलं.

घरी

घरी येऊन चौथ्या दिवशी मोबाईलवर डोरीनचा व्हिडिओ आला. आठ-दहा सेकंदांचा. त्यात आधी वाळू दिसते, मग डोरीनचा बूट, मग कोणाच्या तरी खुर्चीचा पाय. माणसांचा ओरडा. कॅमेरा धडपडत वर येतो तेव्हा पाण्यावर लांब एक ठिपका चाललेला असतो, आणि संपतं. खाली डोरीननं लिहिलं होतं: उडालं. सात वर्षांत पहिलं. पण मी कावळ्याकडे बघत होते, त्यामुळं उडताना मला दिसलंच नाही. मागून सगळे ओरडले तेव्हा कळलं.

मी ते कुसुमला वाचून दाखवलं. मला फार हळहळ वाटली. जायच्या आधी तेवढं एकच बघायचं होतं त्या बाईला. मी तसं म्हणालो.

कुसुमनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. बघितला. डोळे पुसले.

"मंग नीट राखण केली तिनं," ती म्हणाली.

हे मी डोरीनला भाषांतर करून पाठवलं. दोन-अडीच महिने उत्तर आलं नाही. मग तिकडचा उन्हाळा संपल्यावर एक फोटो आला: शहरातल्या मुलीच्या घराची भिंत, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली किनाऱ्यावरची ती पाटी.

ज्वारी निघाली. मार्चच्या शेवटी नांगरटीला बाळूचा ट्रॅक्टर आला. निम्मं रान झालं आणि बाळू थांबून हाका मारायला लागला. फाळापुढं टिटवी पंख ओढत लंगडत होती. मी उठायच्या आत कुसुम तिथं पोहोचली होती. ढेकळांत चार अंडी होती.

"काकू, टिटवी हाय ती," बाळू म्हणाला. "घरावरनं वरडत जाती. अंडी फुटली तर आनखी चार व्हतील वरडायला."

"वरडंना का. त्वा काय कमी वरडतोस? कडंनं घे."

बाळूनं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. त्यानं कडेनं घेतलं. नांगरलेल्या काळ्या रानात एका खोलीएवढा न नांगरलेला तुकडा राहिला. कुसुमनं घरातून चार काठ्या आणि धुण्याची दोरी आणली. मग माझ्याकडून पुठ्ठ्यावर पाटी लिहून घेतली. 'इथे अंडी आहेत.' मी म्हणालो, वाचणार कोण? ती म्हणाली, तुमी तेहतीस वरसं शिकवलंय की गावाला, वाचतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळू उरलेलं रान नांगरायला आला, तेव्हा कुसुम दोरीच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. डोक्यावर डोरीनची टोपी. तोंड बांधावरच्या लिंबाकडे. बाळूनं ट्रॅक्टर बंद केला, तिच्याकडे बघितलं, अंड्यांकडे बघितलं आणि काळजीच्या आवाजात म्हणाला,

"काकू, अंडी तुमच्या मागं हायेत."

"म्हाईत हाय," कुसुम म्हणाली, आणि लिंबावरच्या कावळ्यावरची नजर काढली नाही.